हाल्याच्या अंगणातली दुसरी चूल

हाल्या दुमाडाला घाईत असलेला कोणी बघितलेला नाही. तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी वडपाडा म्हणून तीस-पस्तीस घरांची वस्ती आहे, तिथल्या अगदी शेवटच्या घरात तो राहतो. एकदा त्याच्याच घरामागच्या गवताला आग लागली. लोक हंडे-कळशा घेऊन धावले, आणि हाल्या आधी तोंडातली विडी नीट विझवून मग आला. विचारलं तर म्हणतो, "आगीला आग दाखवत जायचं बरं नाय दिसत." आग विझली ती विझलीच, पण ते वाक्य अजून पाड्यात फिरतंय.

असा हा पन्नाशी ओलांडलेला माणूस. अंगानं काटकुळा, चौथी पास, आणि चौथी पास असल्याचा त्याला भारी अभिमान. रस्त्यात पडलेला कागद दिसला की उचलून वाचणार. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, कंपनीच्या पत्त्यासकट.

पोटापाण्याला चिकूच्या वाड्या. पहाटे टेम्पो येतो, पाड्यातली दहा-बारा माणसं उभ्यानं भरतो आणि बोर्डीला नेऊन सोडतो. चिकू उतरवायचं काम एकट्याचं नव्हे, जोडीचं. एकजण झाडावर चढतो, लांब बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी बांधलेली असते तिच्यात फळ अलगद ओढून घेतो आणि टोपली भरली की दोरीनं खाली सोडतो. खालचा ती रिकामी करतो, फळं धुतो, लहान-मोठी निवडतो. वरचा चुकला तर खालच्याच्या डोक्यात चिकू, खालचा चुकला तर वरच्याची टोपली अधांतरी. दोघांचं पटलं पाहिजे.

पंचवीस वर्षांपूर्वी मुकादमानं हाल्याच्या झाडावर उधव्याकडचा एक नवा गडी चढवला. सुक्या करबट. दणकट, तापट आणि मिशी अशी की अंगण झाडता येईल. पहिल्याच दिवशी त्यानं वरून आरोळी ठोकली, "ए खालच्या! झोपलास काय? दोरी ओढ!"

हाल्या खालून शांतपणे म्हणाला, "खालच्याला नाव हाय. ते विचार, मग दोरी ओढतो."

सुक्यानं नाव विचारलं नाही. टोपली हातात धरून तसाच फांदीवर बसला. हाल्यानं दोरी ओढली नाही. अर्धा तास दोघे तसेच. शेवटी वाडीचा मालक, म्हातारा पारशी बावाजी, काठी टेकत आला आणि वर बघत म्हणाला, "अरे डिकरा, माझे चिकू काय झाडावरच पिकवनार काय? विचारून टाक नी नाव!"

तर ती ओळख अशी झाली. पुढच्या हंगामात बावाजीच मुकादमाला बजावू लागला, "आ जोडी तोडू नको हां."

मग एका वैशाखात सुक्या हाल्याच्या घराची कौलं चाळायला दोन दिवसांसाठी म्हणून वडपाड्यात आला. त्या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. सुक्या परत गेला नाही आणि कौलं अजून गळतात.

पाड्यात यावर कधी सभा भरली नाही. मागं-पुढं कुजबुज झाली असेल, नाही कसं, पण तिथं आधी घर थाटायचं आणि लग्न नंतर करायचं ही रीतच जुनी. लग्न म्हणजे मांडव, वाजंत्री, गावजेवण. ते जमेल तेव्हा. तोवर पोरं होतात, पोरांना पोरं होतात. शेजारची जिवली आजी साठाव्या वर्षी सामूहिक लग्नात नवरी झाली, नातवाच्या मांडवातच. ती स्वतः सांगते, "लाजायचं म्हणून खाली बघत होते, तर नातसून म्हणाली, आजी, चष्मा पडला काय?" अशा गावात कोण कोणाबरोबर कधीपासून राहतं याचे हिशेब कोण ठेवणार? आमंत्रण आलं की दोघांना मिळून एकच यायचं. लावणीला माणसं मोजताना हाल्याचं घर म्हणजे दोन गडी. गंमत करायची लहर आली की पोरं सुक्याला घरजावई म्हणायची. ज्या घरात मुलगीच नाही त्या घरचा घरजावई!

सगळं असं बैजवार चाललेलं. आणि दोन वर्षांपूर्वी सुक्या झाडावरून पडला.

फांदी मोडली, कंबरेला मार बसला, पाय मोडला. टेम्पोत घालून हाल्यानं त्याला दवाखान्यात नेलं. तिथं ऑपरेशनच्या कागदावर सही हवी होती. टेबलामागची बाई चांगली होती, तिनं नियमाप्रमाणं विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

"हाल्या."

"नाव नाही हो काका, नातं. भाऊ? मेव्हणे?"

एरवी बियाण्याची पिशवीसुद्धा सोडत नाही असा हा वाचणारा माणूस, पण त्या क्षणी त्याला एक शब्द सुचेना. खूप विचार करून म्हणाला, "आम्ही एकाच झाडावर असतो."

बाईनं त्याच्याकडे बघितलं, पाणी दिलं आणि सांगितलं, रक्ताचं कोणी बोलवा. सुक्याचा धाकटा भाऊ रघ्या सिल्वासाला कारखान्यात होता. तो येईपर्यंत दुपारची संध्याकाळ झाली. तेवढा वेळ सुक्या आत कण्हत होता आणि हाल्या बाहेरच्या बाकावर स्वतःच्या हातांकडे बघत बसला होता. पाय बरा झाला, सुक्या पुन्हा झाडावर चढायला लागला. पण "तुम्ही कोण" हा प्रश्न हाल्याच्या मनात रुतून बसला तो बसलाच. दाखवायला एक कागद पाहिजे, ज्यावर दोघांची नावं एका घरात असतील. बस, तेवढंच. पण हे सांगायचं कोणाला?

आता इथं जयश्री येते. जयश्री म्हणजे पाड्यात आरोग्याचं काम बघणारी आशाताई. पोरगी हुशार, पण सांगितलेलं काम अक्षरशः करणारी. तलासरीकडच्या एका संस्थेनं त्या वर्षीचा सामूहिक विवाह ठरवला आणि प्रत्येक पाड्यात सांगावा धाडला, एकत्र राहणारी पण लग्न न झालेली सगळी जोडपी लिहून द्या, एकही सुटता कामा नये. जयश्री वही काखोटीला मारून घरोघर निघाली. शेवटच्या घरी आली तेव्हा हाल्या एकटाच टोपली विणत बसला होता.

"काका, किती वर्षं झाली एकत्र राहता?"

"चोवीस."

"लग्न?"

"नाय."

"मग लिहिते," म्हणाली, आणि लिहून निघूनसुद्धा गेली. तिचंही बरोबर होतं. यादीत बसत होते ते!

पुढं ती वही टाइप करणाऱ्याकडे गेली. त्यानं टाइप केलं. आणि एका सकाळी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला वधू. अनुक्रमांक चौदा. वर, हाल्या दुमाडा. वधू, सुक्या करबट.

त्या दिवशी पाड्यानं काम केलं नाही, म्हटलं तरी चालेल.

"सुक्याकाका, हळद दळायला घेऊ काय?"

"नवरी मुलगी जरा मिशीला तेल लावा हो!"

जिवली आजी तर खास काठी टेकत आली. "सुक्या, माझी लग्नातली साडी हाय, एकदाच नेसलेली. देऊ?"

सुक्या लाल झाला होता. "हसा, हसा! पंचवीस वर्षं झाडावर चढतो मी, नांगर मी धरतो, डुक्कर शेतात शिरलं तर रात्रभर मी जागतो, आन वधू मी? टाइप करणाऱ्याला म्हणावं ये इथं, मिशी दाखवतो!"

"मग हाल्याला वधू करायचं होतं का?" आजीनं विचारलं.

"कोणालाच नाय करायचं! कोणी सांगितलं होतं लिहायला?" असं म्हणून त्यानं हाल्याकडे बघितलं. हाल्या भिंतीजवळ उभा होता. चौदाव्या ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत होता. आपलं नाव, मग सुक्याचं नाव. मग परत आपलं नाव. दुपारी काहीतरी निमित्त काढून तो पुन्हा एकदा वाचायला गेला, हे कोणाला माहीत नाही.

आठवड्याभरात संस्थेचा माणूस आला. भला माणूस, हात जोडून म्हणाला, "चूक झाली काका. कायद्यात हे बसत नाही. तुमची नावं कमी करावी लागतील."

सुक्या म्हणाला, "लवकर करा."

हाल्या म्हणाला, "ती यादी टाकून देणार असाल तर मला मिळेल काय?"

माणसानं दिली. चौदाव्या ओळीवर लाल रेघ मारलेली. हाल्यानं ती घडी करून पेटीत ठेवली. हे जयश्रीनं बघितलं आणि तिला कसंतरीच झालं. दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, "काका, घोळ मी घातला, निस्तरते पण मीच. रविवारी माझ्याबरोबर डहाणूला चला. आमच्या ट्रेनिंगला एक रविनाताई आल्या होत्या, त्यांची संस्था आहे तुमच्यासारख्यांची."

"चिकूवाल्यांची?"

"नाही हो काका!"

डहाणूला स्टेशनच्या पूर्वेला, फुगे बनवायच्या एका कारखान्याच्या माडीवर एक खोली आहे. जिना चढताना रबराचा वास येतो. दारावर पाटी, संगत मित्र मंडळ. डहाणूत गल्लोगल्ली मित्र मंडळं, त्यामुळं कोणी वळून बघत नाही. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कॅरम, एक कपाट आणि रविवार म्हणून दहा-बारा पोरं-पोरी. कोणी वाणगावचं, कोणी बोर्डीचं. काही कामासाठी आलेली, काही नुसती मोठ्यानं हसायला आलेली, कारण घरी तसं हसता येत नाही. एक मुलगा कॅरमवर हरला म्हणून रुसून बसला होता आणि दोघीजणी त्याची समजूत घालत होत्या. हाल्याला वाटलं, हे तर आपल्या टेम्पोसारखंच आहे.

रविना तिथली कर्तीधर्ती. पस्तिशीची, हिरवी साडी, गळ्यात दोरीनं लटकवलेला चष्मा. जन्मली मुलगा म्हणून, वाढली स्वतःच्या हिमतीवर बाई म्हणून. आधी कचेरीच्या आवारात लोकांचे अर्ज भरून द्यायची, त्यामुळं सरकारी कागदांची तिला अशी माहिती की बाबू लोक तिला विचारायचे. तिच्या पर्समध्ये लिपस्टिक एक आणि स्टेपलर दोन.

तिनं सगळं ऐकून घेतलं. यादीचं ऐकताना डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली, मग डोळे पुसून म्हणाली, "लग्नाचं म्हणाल काका, तर आज ते होत नाही. आमची माणसं कोर्टात भांडतायत, भांडू देत. तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते सांगा."

हाल्यानं चहाचे तीन घोट घेतले. घाई नव्हतीच. "कोणी विचारलं, तुम्ही याचे कोण, तर दाखवायला कागद."

"रेशनकार्ड," रविना म्हणाली.

"ते तर हाय माझ्याकडं. एकट्याचं."

"दोघांचं करू. दिल्लीहून पत्र निघालंय, अशी दोन माणसं एका घरात राहत असतील तर रेशनला त्यांना एकच कुटुंब धरा म्हणून. हे लग्नाचं सर्टिफिकेट नाही हां काका, उगाच खोटं सांगणार नाही. पण एका घरचे आहात हे सरकारच्या तोंडून निघेल. सुरुवात म्हणून वाईट नाही." तिनं फॉर्म ओढला. "कुटुंबप्रमुख हाल्या. सुक्याचं नातं काय लिहू?"

हाल्यानं कप खाली ठेवला. पुन्हा तोच दवाखान्यातला प्रश्न. पण इथं टेबलापलीकडची बाई हसत होती.

"जोडीदार लिहिते," ती म्हणाली.

"लिहा. बावाजी पण तेच म्हणतो."

सोमवारी हाल्या आणि रविना कचेरीत गेले. टेबलावरच्या माणसानं असं काही ऐकलेलं नव्हतं. रविनानं पर्समधून पत्राची प्रत काढली, खालच्या ओळीवर पेन्सिलीनं खूण केलेली. त्यानं वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "बरं. पण दोन गोष्टी लागतील. त्यांची सही, आणि जुन्या कार्डातून त्यांचं नाव कमी केल्याचा दाखला. मग घरी चौकशीला माणूस येईल."

सुक्याचं नाव भावाच्या कार्डात होतं, उधव्याला.

हाल्यानं घरी येऊन मोठ्या आनंदानं सांगितलं आणि तिथं सगळं फिसकटलं. सुक्या ताटावरून उठला. "आधी बायको केलीस, आता भावाच्या घरातून माझं नाव खोडायला निघालास? मला विचारलंस?"

"विचारतोच हाय की."

"फॉर्म भरून आलास आन मग विचारतोस!"

हे मात्र खरं होतं. जन्मात एकदा हाल्यानं घाई केली आणि नेमकी इथं केली.

सुक्यानं दुसऱ्या दिवशी ओढ्यातून तीन दगड आणले, अंगणाच्या कोपऱ्यात मांडले आणि स्वतःची वेगळी चूल पेटवली. आता गावाकडं चूल वेगळी म्हणजे काय हे सांगायला नको. भाऊ वेगळे झाले की तेच होतं. पाडा गार पडला. पोरांनी घरजावई म्हणणं बंद केलं.

पण वेगळं होणंही या दोघांना धड जमेना! झोपायला एकच छप्पर, जायला एकच टेम्पो, वाडीत एकच झाड. वरून टोपली येई, खालून रिकामी जाई, सगळं वेळच्या वेळी, फक्त मुक्यानं. घरी बोलणं व्हायचं ते जिवली आजीमार्फत.

"आजी, त्याला सांग, मीठ संपलंय."

"आजी, त्याला सांग, मीठ शिंक्यात हाय."

"मी काय पोस्टमन हाय काय रे मेल्यांनो!" आजी ओरडायची, पण निरोप पोचवायची.

सुक्याला स्वयंपाक येत नव्हता. नागलीची भाकर एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं पीठ. एक तुकडा कोंबड्यांना टाकला तर कोंबड्या बघून पुढं गेल्या. हाल्या रोज उडदाची डाळ जास्तीची करायचा आणि वाटी ओट्याच्या कडेला ठेवून आत जायचा. सकाळी वाटी धुतलेली असायची. यावर दोघांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही.

पंधरा दिवस गेले आणि एक दिवस टमटममधून रविना उतरली. हाल्याला वाटलं आपल्याकडं आली. ती सरळ कोपऱ्यातल्या चुलीपाशी गेली, पदर खोचून सुक्यासमोर बसली आणि म्हणाली, "भूक लागलीय. भाकर आहे?"

सुक्या बावचळला. त्यानं दिली. तिनं खाल्ली. सगळी खाल्ली. हाल्या ओट्यावर टोपली विणत होता, पण बोटं थांबली होती आणि कान तिकडं होते.

"सुक्याकाका, वधूचा राग आहे का दुसरं काही?"

"वधूचा राग आठ दिवसांत गेला," सुक्या तवा पुसत म्हणाला. "ते कार्ड आईनं केलेलं. आईनं मला बोटानं दाखवलं होतं, हे बघ तुझं नाव. हे इथं हाय तोवर तुला घर हाय. आई गेली, तरी नाव हाय. आता ते काढलं आन उद्या हाल्या गेला... त्याचे पुतणे मला ओट्यावर तरी बसू देतील काय? मग मी कुठला?"

हाल्याच्या हातातली बांबूची कामटी मोडली. चोवीस वर्षांत हे त्याला कधी सुचलं नव्हतं. आपण कागद मागतोय तो आपल्यासाठी, आणि याला भीती कागद जाण्याचीच.

रविना म्हणाली, "काका, माझं नाव माझ्या घरच्यांनी कार्डातून काढलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मला विचारलं नाही. मी रेशनच्या दुकानात रांगेत उभी होते, दुकानदारानं सांगितलं, तुझं नाव नाही इथं. आज माझं कार्ड आहे, त्यावर मी आणि माझी मैत्रीण आणि तिची आई. तुमचं नाव कोणी हाकलून काढत नाहीये. एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवायचंय, तेही तुम्ही हो म्हणालात तर. आणि पुतण्यांचं म्हणाल, तर ज्याचं नाव घरात लिहिलेलं आहे त्याला बाहेर काढणं अवघड, की ज्याचं कुठंच लिहिलेलं नाही त्याला?"

सुक्यानं लाकूड पुढं सारलं.

"आणि नाही म्हणालात तरी रविवारी चहाला या," ती उठत म्हणाली. "कॅरमला चौथा गडी लागतो. भाकर मात्र आणू नका."

पुढं तीन आठवडे काही घडलं नाही. दगड तिथंच, चूल पेटतीच, डाळीची वाटी ओट्याच्या कडेला. एका रविवारी सुक्या धुतलेला सदरा घालून, काखेत कोंबडी घेऊन कुठंसा गेला आणि रात्री कोंबडीविना आला. हाल्यानं विचारलं नाही. आजीनं विचारलं तर म्हणाला, "विकली." हाल्यानं मनातल्या मनात फॉर्मवर रेघ मारून टाकली होती. लाल रेघेची त्याला सवय होतीच.

आणि एका शनिवारी सकाळी, काही सांगावा नसताना, मोटारसायकलवरून चौकशीचे साहेब आले. तरणा मुलगा, नुकताच घाटावरून बदलून आलेला, हेल्मेट काढलं तर डोक्यावरून घामाच्या धारा. मागं टमटममधून रविना आणि तिच्या मागं, कसं कोण जाणे, अर्धा पाडा.

साहेबांनी फाईल उघडली. "हाल्या दुमाडा आपणच? सुक्या करबट? बरं. अर्जावर दोघांच्या सह्या आहेत. नाव कमी केल्याचा दाखला जोडलेला आहे..."

"कसला दाखला?" हाल्या म्हणाला.

"उधव्याच्या कार्डातून यांचं नाव कमी केल्याचा. पंधरा दिवस झाले याला."

हाल्यानं सुक्याकडं बघितलं. सुक्या अंगणातल्या आंब्याकडं बघत होता.

"कधी आणलास?"

पाच-सहा आठवड्यांत पहिल्यांदा तो सरळ बोलला होता, आजीला मध्ये न घालता. सुक्या आंब्यालाच म्हणाला, "कोंबडी घेऊन गेलो तेव्हा. रघ्यानं लगेच सही दिली, पुढं दाखला रविनाताईनं काढला आन माझी सही पण तिनंच घेतली. त्याची बायको म्हणाली, भावजी, इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, तुमच्या वाट्याचं धान्य आम्हाला मिळावं म्हणून तुम्हीच उपकारानं नाव ठेवलंय. कोंबडी मात्र कापून खाल्ली त्यांनी."

"मला का नाय सांगितलंस?"

"तू मला सांगितलं होतंस काय?"

पाडा हसला. रविनानं हळूच स्टेपलर पर्समध्ये टाकला. झालं, असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात साहेब फाईलवरून मान वर करून अंगणभर नजर फिरवत म्हणाले, "कुटुंब एक आहे हे बघायला मला इथली चूल बघावी लागते. घरात एक चूल दिसतेय. आणि ही कोपऱ्यातली?"

चूल जळत होती. वर तवा. तव्यावर भाकर, एका बाजूनं करपत असलेली.

"ही कोणाची?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

खोटं बोलायला पाड्यात कोणी शिकलेलं नाही, निदान साहेबासमोर. "सुक्याची," दोन-तीन पोरं म्हणाली आणि जयश्रीनं कपाळावर हात मारून घेतला.

साहेब अवघडले. वाईट माणूस नव्हता, पण रकाना समोर होता. "दोन चुली असतील तर मला दोन कुटुंबं लिहावी लागतात."

जिवली आजी पुढं झाली. "साहेब, तिला चूल म्हणू नका. सव्वा महिन्यात तिच्यावर एक भाकर धड भाजली नाय. कोंबड्यांना विचारा! आन डाळ आतून येते ती कुठं लिहिणार तुम्ही?"

"आजी, डाळीला रकाना नाही हो," साहेब केविलवाणं म्हणाले.

हाल्यानं ठरवलं, आता आपण बोलायचं नाही. मागच्या वेळी आपण सुक्याच्या वतीनं बोललो, त्याचे हे तीन दगड झाले. तो हात मागं बांधून उभा राहिला. विडीसुद्धा पेटवली नाही.

सुक्या सावकाश चुलीपाशी गेला. तवा उतरवला, भाकर आंब्याच्या बुंध्याशी ठेवली. जळती लाकडं ओढून मातीत खुपसली. मग सदऱ्याचं टोक हाताला गुंडाळून त्यानं पहिला दगड उचलला.

"अहो, तापलाय तो!" साहेब ओरडले.

"ठाऊक हाय," सुक्या म्हणाला. "मीच तापवलाय."

त्यानं पहिला दगड कुंपणाशी ठेवला. मग दुसरा. तिसरा जरा जड होता. हाल्या पुढं झाला, पलीकडून धरला. दोघांनी मिळून तो नेला. पंचवीस वर्षं टोपली वर-खाली केलेले हात, उचलताना काही बोलावं लागलं नाही. कोपऱ्यात राखेचा नुसता काळा गोल उरला.

साहेबांनी तो बघितला, पेनाचं टोपण काढलं आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "चूल, एक."

"नात्याच्या रकान्यात काय हाय?" सुक्यानं संशयानं विचारलं. "वधू नाय ना?"

"जोडीदार आहे."

"मग चालेल."

जयश्री इतक्या जोरात हसली की तिची वही पडली. आजीनं साहेबांना आत नेऊन पितळीत भाकर आणि उडदाची डाळ वाढली, हाल्याच्या चुलीवरची. साहेबांनी दोनदा डाळ मागून घेतली. सुक्याचा कोळसा झालेला तुकडा रविनानं कागदात गुंडाळून घेतला. म्हणाली, ऑफिसात ठेवते, लोकांना दाखवायला, आमचं काम सोपं नाही म्हणून.

दीड महिन्यानं कार्ड आलं. हाल्यानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मागच्या सूचनांसकट, आणि पेटीत न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. आता रोज वाडीत जाताना ते बरोबर असतं. सुक्या वर चढताना ओरडतो, "खिशात घेऊन फिरतोस ते, मी पडायचीच वाट बघतोस काय?"

"दोरी सोड आधी," हाल्या खालून म्हणतो.

लाल रेघेची यादी अजून पेटीत आहे. रविवारी एखादवेळी दोघे डहाणूला जातात, सुक्या कॅरम खेळतो आणि हरला की त्या रुसणाऱ्या मुलापेक्षा जास्त रुसतो. ते तीन दगड कुंपणाशीच पडून होते. मग कोंबड्यांच्या खुराड्याला एका बाजूनं टेकू हवा होता, तिथं दोन लागले. तिसऱ्यावर जिवली आजी संध्याकाळी येऊन बसते आणि दोघांना एकमेकांचे निरोप अजूनही पोचवते, कोणी सांगितले नसले तरी.

कौलं यंदाही गळणार आहेत. सुक्या म्हणतो, दोन दिवसांचं काम आहे, करू निवांत.